स्वातंत्र्याचं बिल आणि शाळेतली परकी भाषा

कॅरिबियनमधल्या हैती या देशाच्या गरिबीचा विषय निघाला की "तिथल्या लोकांची मेंटॅलिटीच तशी" असं कोणीतरी बोलतंच, आणि मला दर वेळी खरंच वाईट वाटतं, कारण हिशोब इतका उघड आहे.

१७८० च्या दशकात या फ्रेंच कॉलनीतून (तेव्हाचं नाव सँ-दोमँग) युरोपला लागणारी साधारण ४० टक्के साखर जायची. राबायला जवळपास ५ लाख गुलाम, आणि जन्मापेक्षा मरणं जास्त, म्हणून आफ्रिकेतून जहाजं भरभरून नवी माणसं आणत राहायचे. १७९१ ला उठाव झाला, १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला.

मग १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून, आणि त्या मालमत्तेत सुटलेली माणसं पण धरलेली! म्हणजे लढून सुटलात तरी स्वतःची किंमत भराच. पहिला हप्ता ३ कोटींचा, तिजोरीत तेवढे नाहीत, म्हणून पॅरिसच्या बँकवाल्यांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं तर त्यांनी ६० लाख आधीच कापून घेतले आणि हातात २ कोटी ४० लाख टेकवले, आपल्याकडचा सावकार करायचा तसंच. १८३८ ला एकूण रक्कम ९ कोटींवर आली, तरी याच्याशी जोडलेली कर्जं फिटायला १९४७ उजाडलं. शाळा आणि रस्ते बांधायच्या काळात पैसा बाहेर चालला होता.

आणि ज्या शाळा झाल्या त्या फ्रेंचमध्ये. हैतीत जवळजवळ सगळे क्रेयोल बोलतात, फ्रेंच नीट येणारे १० टक्क्यांच्या आसपास. ही क्रेयोल मळ्यांवरच घडली, वेगवेगळ्या आफ्रिकन भाषा बोलणारे एकत्र आले, कानावर फ्रेंच पडत होती. शब्द बहुतेक फ्रेंच पण घडण वेगळी. 'म्वें आप मांजे' म्हणजे मी खातोय, 'म्वें प्राल मांजे' म्हणजे मी खाणार आहे. 'मांजे' तसंच राहतं, काळ सांगतो तो आधीचा छोटा शब्द. याला मोडकी फ्रेंच म्हणणाऱ्यांना हा नियम दिसतच नाही. १९८७ च्या राज्यघटनेने क्रेयोलला अधिकृत केलं, तरी कितीतरी मुलं अजून न समजणारी वाक्यं घोकतात, आणि घोकलेल्या गणितावर पुढचं गणित चढत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले हैतीयन भाषाशास्त्रज्ञ मिशेल दग्राफ म्हणूनच सायन्स आणि गणिताचं साहित्य क्रेयोलमध्ये आणायच्या मागे लागलेत, मला हे काम फार मोठं वाटतं.

राहिली संस्कृती, म्हणजे ती 'मेंटॅलिटी'. तिथल्या खेड्यांत 'कोंबित' असते, अगदी आपली इर्जिक: शेजारीपाजारी एकाच्या शेतात उतरतात, ढोल वाजतो, कुदळी तालावर पडतात, ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच्या शेतात जातो. ढोलावरची गाणी क्रेयोलमध्येच असतात.