सावलीला उजेड कोठून मिळतो?

अंगणात भर उन्हात टेकवून ठेवलेली काळी छत्री आणि पडवीच्या आतल्या अंगाला दांडीवर वाळत घातलेले पांढरे धोतर, या दोहोंपैकी आपल्या डोळ्यांपर्यंत अधिक प्रकाश कोण पाठवते, असे विचारले तर बहुतेक जण धोतराचेच नाव घेतील. हिशेब मात्र वेगळे सांगतो. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका प्रकाश पडतो. कौलारू पडवीत आत गेल्यावर तो १,००० लक्सच्या आसपास उतरलेला असू शकतो. काळे कापड आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ५ टक्के परत पाठवते आणि धुतलेले पांढरे कापड ८० टक्के. म्हणजे छत्रीच्या वाट्याला ५,००० येतात, तर धोतराच्या वाट्याला अवघे ८००. काळी छत्री पांढऱ्या धोतराहून सहापट उजळ आहे आणि तरीही ती आपल्याला काळीच दिसते.

याचे कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. वस्तू ओळखायची तर तिच्यावर या क्षणी किती ऊन पडले आहे यापेक्षा तिचा मूळचा रंग कळणे अधिक उपयोगाचे असते, म्हणून मेंदू उजेडाचा भाग परस्पर वजा करतो आणि उरलेले उत्तर आपल्यापुढे ठेवतो. अमेरिकेतील एमआयटीचे एडवर्ड ॲडेलसन यांनी १९९५ मध्ये बुद्धिबळाच्या पटाचे एक चित्र तयार केले. त्यातला उन्हातला ‘काळा’ चौकोन आणि सावलीतला ‘पांढरा’ चौकोन हे छपाईत अगदी एकाच करड्या रंगाचे आहेत. हे ठाऊक असूनही ते डोळ्यांना एकसारखे दिसत नाहीत. चित्र काढणाऱ्याची खरी अडचण नेमकी हीच आहे. हाताला वळण नसते असे नाही, पण डोळ्यांकडून येणारी बातमी आधीच दुरुस्त होऊन आलेली असते.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या वस्तुचित्रांत याचा परिणाम सर्रास दिसतो. तांब्या, वाटी, फळ यांची रेखाटने नेटकी असतात, पण सावली म्हटली की पेन्सिल एका बाजूला एकसारखी घासून काळा पट्टा उमटवला जातो, जणू तेथे प्रकाश पोचतच नाही. सावलीची जागा एका दिव्याला पारखी झालेली असते एवढेच; बाकीचे सारे दिवे तेथे पोचत असतात. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत उन्हाच्या साधारण दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतका उजेड असतो आणि तो आकाशाकडून, जमिनीकडून, समोरच्या भिंतीकडून आलेला असतो. सावली रंगवताना ‘हिला उजेड कोठून मिळतो आहे’ हा एकच प्रश्न धरून बसले, तर पुस्तकी नियमांपैकी निम्मे आपोआप उलगडतात. (छायाप्रकाशाखेरीज चित्र अपुरे असते असे मात्र मुळीच नाही, सावंतवाडीच्या गंजिफांवर, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांवर, सावलीचा ठिपकाही नसतो आणि त्यांचे काही अडत नाही. येथे विचार चालला आहे तो उजेडाचा भास निर्माण करू पाहणाऱ्या चित्रांचा.)

वस्तूच्या अंगावरच्या उजेडापासून सुरुवात करू. योहान हाइनरिश लाम्बर्ट याने १७६० मध्ये मांडलेला नियम असा, की पृष्ठभागावर पडणारा उजेड किरणांच्या तिरकेपणावर, म्हणजे त्या कोनाच्या कोसाइनवर, अवलंबून असतो. किरण सरळ समोरून आले तर पूर्ण उजेड. पृष्ठभाग ३० अंश कलला तर ८७ टक्के. ६० अंश कलला तर निम्मा. ८० अंशांवर जेमतेम १७ टक्के. आता यात डोळ्यांचे गणित मिसळावे लागते, कारण आपल्याला पांढऱ्या आणि काळ्याच्या बरोबर मधला वाटणारा करडा रंग प्रत्यक्षात सुमारे १८ टक्केच प्रकाश परत पाठवत असतो. आकाशाचा उजेड क्षणभर बाजूला ठेवला, तर पांढऱ्या गोळ्यावर हा मधला करडा रंग थेट ८० अंशांच्या जवळपास, उजेड संपण्याच्या अगदी काठाशी येतो. म्हणूनच उन्हातल्या गोळ्याचा बराचसा भाग जवळजवळ सपाट उजळ दिसतो आणि मग सीमेपाशी छटा भराभर उतरतात. नवशिका मात्र एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत समान पायऱ्यांनी छटा गडद करत जातो; त्यातून गोलाई दिसते, पण ऊन दिसत नाही.

सराव करायचा तर सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणाऱ्या लाकडी फळांइतके सोयीचे साहित्य शोधून सापडणार नाही. ती सुकत नाहीत, कुजत नाहीत आणि त्यांच्या अंगावर परावर्तनाचे दोन्ही प्रकार एकत्र भेटतात. रंगाच्या थरातून सर्व दिशांना विखुरलेला प्रकाश फळाचा रंग आणि गोलाई दाखवतो, तर वरच्या चकाकीवरून आरशासारखा परतलेला प्रकाश खिडकीचा छोटासा ठिपका उमटवतो. हा ठिपका फळाच्या रंगाचा नसतो, उजेड देणाऱ्या खिडकीच्या रंगाचा असतो, आणि आपण मान हलवली की तोही सरकतो. गोलाईच्या छटा जागच्या हलत नाहीत. त्याच फळाच्या सावलीच्या बाजूकडे पाहिले तर सर्वांत गडद पट्टा अगदी कडेला नसून उजेड संपतो त्या सीमेलगत असतो. कडेच्या खालच्या भागाला टेबलावरून उलटलेला प्रकाश मिळतो, तर सीमेलगतच्या पट्ट्याला दिवा पुरता दिसत नाही आणि टेबलही पुरते दिसत नाही.

आता जमिनीवर पडलेली सावली. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे प्रत्येक सावलीला मधली गडद प्रच्छाया आणि कडेची विरळ उपच्छाया असे दोन भाग असतात, आणि उपच्छायेची रुंदी ही सावली पाडणाऱ्या कडेपासूनच्या अंतराच्या साधारण १०८व्या भागाइतकी असते. अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी सावलीची कड सुरीने कापल्यासारखी असते. १ मीटर उंचीवरच्या कडेची सावली ९ मिलिमीटर इतकी पसरते. १० मीटर उंच पोफळीच्या झावळीची कड ९ सेंटिमीटरांनी पुसट होते. झावळीचे एकेक पाते त्याहून अरुंद असल्याने त्याची प्रच्छाया जमिनीपर्यंत पोचतच नाही, उरते ती करड्या धुरकट पट्ट्यांची नक्षी. ही एक गोष्ट ओळखली तरी चित्रातले झाड किती उंच आहे, हे झाड न दाखवताही सांगता येते.

पोफळीच्या बागेत जमिनीवर पडणारे कवडसे गोल का असतात, याचेही उत्तर येथेच आहे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असल्या, तरी पुरेशा लहान आणि उंचावर असल्या की प्रत्येक फट सूचिछिद्र (पिनहोल) कॅमेऱ्याचे काम करते आणि खाली सूर्याची प्रतिमा पडते. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी कोकणातून खंडग्रास दिसलेल्या सूर्यग्रहणात असे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होत होते. ऊन तिरपे असेल तेव्हा ते लांबट होतात. झाडाखालचे ऊन रंगवताना टोकदार कोपऱ्यांचे तुकडे टाकले तर ते खोटे वाटतात, ते यामुळेच.

रंगाकडे वळले की कोकणासारखी प्रयोगशाळा मिळणे कठीण. हवेतील रेणू लहान तरंगलांबीचा प्रकाश कितीतरी अधिक विखुरतात. तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात हे घडते, आणि त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरला जातो. निरभ्र दिवशी सावलीला मुख्य उजेड या निळ्या आकाशाकडून मिळतो. चुना लावलेल्या भिंतीवर माडाची सावली पडली असेल, तर कागदाला बारीक भोक पाडून त्यातून फक्त ती सावली पाहावी. आजूबाजूचे ऊन झाकले गेले की तिच्यातला निळेपणा उघड होतो. पण हीच भिंत खाली जमिनीपर्यंत पाहत आले की निळा रंग हळूहळू विरतो आणि तांबूस झाक चढते. समोरच्या अंगणातल्या जांभ्याच्या लाल मातीवर पडलेले ऊन उलटून भिंतीच्या खालच्या भागावर आणि वळचणीच्या खालच्या बाजूला येत असते. वर तोंड केलेले पृष्ठभाग आकाशाचा रंग घेतात, खाली तोंड केलेले जमिनीचा. पुळणीवर ओढून ठेवलेल्या होडीचे पोट म्हणूनच सावलीत असूनही उबदार आणि उजळ दिसते. सावलीसाठी एकच करडा रंग कालवून ठेवणाऱ्याला हे कधीही साधत नाही, आणि माझ्या मते छायाचित्रावरून चित्र काढण्याचे मोठे नुकसानही हेच आहे, कारण कॅमेऱ्यात सावलीतले हे नाजूक भेद बऱ्याचदा काळोखात बुडून जातात.

पाण्यापाशी आणखी एक घोटाळा होतो. नितळ, खोल समुद्रावर होडीची सावली जवळपास पडतच नाही. आपल्याला दिसते ते प्रतिबिंब. सावली उमटायला प्रकाश विखुरणारे काहीतरी लागते आणि पावसाळ्यात गढूळलेल्या खाडीच्या पाण्यातले मातीचे कण ते काम करतात. प्रतिबिंब सदैव पाहणाऱ्याच्या दिशेने येते, सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला जाते. दोन्ही एकाच दिशेला ओढून टाकलेली निसर्गचित्रे बरीच आढळतात.

दिवसाची वेळ निवडण्यालाही भूगोल आहे. रत्नागिरी १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी साडेबारानंतर सूर्य तेथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला हे पुन्हा घडते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. डिसेंबरच्या अखेरीस मात्र माध्यान्हीही सूर्य सुमारे ५० अंशांवरच असतो आणि काठीची सावली तिच्या उंचीच्या ८५ टक्के भरते. डोक्यावरच्या उन्हात आकार सपाट होतात, याचा सर्वांत चांगला दाखला राजापूर आणि रत्नागिरीच्या सड्यांवरच्या, म्हणजे सपाट कातळी पठारांवरच्या, कातळशिल्पांत मिळतो. बारसू किंवा कशेळी येथील आकृती जांभ्यात उथळ कोरलेल्या आहेत. २ सेंटिमीटर खोल खाचेची कड सूर्य १० अंशांवर असताना ११ सेंटिमीटर लांब सावली पाडू शकते, म्हणजे खाच काठोकाठ सावलीने भरते. सूर्य ८० अंशांवर गेला की तीच सावली साडेतीन मिलिमीटरांवर येते आणि आकृती कातळात विरून जाते. म्हणून ही शिल्पे पाहायची ती सकाळी लवकर किंवा सूर्य मावळण्यापूर्वी.

तिरप्या उजेडाचे हेच ज्ञान १६०९ मध्ये गॅलिलिओच्या कामी आले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट याने त्याच्याही काही महिने आधी दुर्बिणीतून चंद्र रेखाटला होता, पण उजेडाच्या सीमेवरच्या वेड्यावाकड्या डागांचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही. गॅलिलिओने ते डोंगर आणि खळगे म्हणून ओळखले, सावलीवरून डोंगरांची उंचीही काढली. चित्रकलेतील छायाप्रकाशाची त्याला असलेली जाण याला कारणीभूत ठरली, असे काही कला-इतिहासकार मानतात.

पावसाळा सुरू झाला की वर सांगितलेले बरेचसे बदलते. ढगाळ आकाश हाच एक प्रचंड दिवा होतो. ठळक पडछाया नाहीशा होतात, आणि सावली उरते ती फक्त वस्तू जमिनीला टेकते तेथे, गडग्याच्या चिऱ्यांमधल्या भेगांत आणि वळचणीखाली, जेथून आकाशाचा थोडाच भाग दिसतो. वस्तू हवेत तरंगू नये असे वाटत असेल तर या बारीक काळ्या रेषा चुकवून चालत नाही. चिराही भिजला की गडद होतो. त्याच्या छिद्रांत आणि पृष्ठावर पाणी बसते, दगडातून परतणारा प्रकाश पाण्याच्या थराखाली पुन्हा आत वळवला जातो आणि प्रत्येक खेपेला थोडा थोडा शोषला जातो. रंग अधिक गहिरा, पण वर पाण्याची चकाकी, हे दोन्ही एकाच वेळी दाखवावे लागते, आणि जलरंगात ते दाखवणे सोपे नाही.

दिव्याचा उजेड हा निराळाच प्रकार. सूर्य १५ कोटी किलोमीटरांवर असल्याने अंगणाच्या या टोकाला आणि त्या टोकाला ऊन सारखेच असते. समईपासूनचे अंतर मात्र दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांनी आपल्या मुलीला समोर उभे करून हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जे जलरंगचित्र काढले, ते आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. त्यात ज्योतीवर आडवा धरलेला हात आणि चेहरा उजळलेले आहेत, बाकी आकृती वेगाने अंधारात उतरत जाते. ज्योतीसमोरची बोटे तांबूस पेटलेली दिसतात, कारण रक्त हिरवा आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि लाल प्रकाश मांसातून विखुरत पलीकडे येतो. ती बोटे आपल्या बाजूने पाहता सावलीतच आहेत. त्यांना मिळणारा उजेड त्यांच्या आतून येतो.