मेहनत सुटली, खुराक राहिला

कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतात आणि फेसाळलेल्या कोमट दुधाचा पेला तिथेच हातात देतात. तालमीतल्या पैलवानाला असे दूध, तूप आणि बदामाची थंडाई लागतेच. एक लिटर म्हशीच्या दुधातून सुमारे १००० कॅलरी मिळतात. जोर, बैठका आणि लाल मातीतल्या लढतींत त्या खर्चीही पडतात. कुस्ती सुटली की मेहनत थांबते, पण वर्षानुवर्षे जडलेली भूक तितक्या लवकर आटोपत नाही आणि उरलेली ऊर्जा चरबी होऊन साठू लागते.

अशा माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन हे संप्रेरक शोधले. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि शरीरात साठा किती आहे, याची वर्दी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला देतात. वजन उतरू लागले की लेप्टिन घटते, मेंदू त्याला उपासमार समजतो, भूक वाढवतो आणि शरीराचा ऊर्जाखर्चही आखडता घेतो. उलट, लठ्ठ व्यक्तीच्या रक्तात लेप्टिन भरपूर असूनही मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. शिवाय वजन कमी झाल्यावर चरबीच्या पेशी आक्रसतात, त्यांची संख्या मात्र फारशी घटत नाही. उतरवलेले वजन पुन्हा चढते ते बऱ्याच अंशी यामुळे.

आनुवंशिकता, अपुरी झोप आणि स्टेरॉइडसारखी काही औषधे यांचाही यात वाटा असतो. पाकीटबंद खाद्यपदार्थांचा विचार वेगळा करायला हवा. २०१९ साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खाऊ दिले, तेव्हा पहिल्या प्रकारात माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.

लठ्ठपणा ओळखताना वजनकाटा पैलवानाच्या बाबतीत हमखास फसवतो, कारण पिळदार स्नायूही वजनदारच असतात. कुस्ती सोडल्यावर काट्यावरचा आकडा तोच राहिला, तरी स्नायू झडून पोटाच्या आत चरबी वाढलेली असू शकते. भारतीयांमध्ये ही पोटातली चरबी तुलनेने कमी वजनालाच साठते, म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की तो धोक्याचा इशारा मानतात.