हरण्या ओळखायला डोळा कसा शिकतो

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागात केळीच्या मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची, लागवड झाली आणि हवा ढगाळली की एक प्रश्न हमखास निघतो: कोवळ्या पानावरचे हे पिवळे पट्टे हरण्याचे, की जस्ताच्या कमतरतेचे? हरण्या हा कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होणारा रोग आहे. तो मावा किडीमुळे पसरतो, त्यावर औषध नाही, आणि रोगट झाड उपटून नष्ट करावे लागते. करप्याचे तसे नाही. तो बुरशीमुळे येतो, त्याचे ठिपके आधी खालच्या जुन्या पानांवर दिसतात आणि फवारणीने तो आटोक्यात ठेवता येतो. एवढी माहिती पुस्तकात अर्ध्या पानात मावते. तरीही ती तोंडपाठ असलेला विद्यार्थी बागेत अडखळतो आणि शाळेचे तोंड फारसे न पाहिलेला सालदार चालता चालता नेमके झाड दाखवतो.

सालदाराने हजारो पाने पाहिलेली असतात हे खरे, पण नुसत्या संख्येने काम भागत नाही. उदाहरणे कोणत्या क्रमाने समोर येतात यालाही महत्त्व असते. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना 12 चित्रकारांची निसर्गचित्रे दाखवली. काही चित्रकारांची चित्रे सलग दाखवली, काहींची इतरांच्या चित्रांत मिसळून. पुढे त्याच चित्रकारांची न पाहिलेली चित्रे ओळखायला सांगितली, तेव्हा मिसळून पाहिलेल्या चित्रकारांच्या बाबतीत उत्तरे अधिक बरोबर आली. गंमत अशी की बहुतेकांचे मत मात्र सलग पाहण्याच्याच बाजूने होते. एकाच प्रकारची उदाहरणे ओळीने पाहिली की सारे सोपे वाटते, परंतु दोन प्रकारांत फरक कशाने पडतो हे दोन्ही लागोपाठ पाहिल्याखेरीज लक्षात येत नाही. म्हणून प्रशिक्षणात आधी हरण्याची सगळी छायाचित्रे आणि नंतर करप्याची सगळी, ही नेहमीची मांडणी मला चुकीची वाटते. हरण्या, जस्ताची कमतरता, करपा आणि निरोगी पान अशी सरमिसळ हवी, आणि दिसायला जवळचे प्रकार तर मुद्दाम शेजारी हवेत.

उदाहरण पाहून अंदाज केला, की तो बरोबर होता की चूक हे कळायला हवे, आणि तेही केव्हा कळते याला मोल आहे. मॅडॉक्स, अ‍ॅशबी आणि बोहिल यांच्या 2003 सालच्या प्रयोगात पडद्यावरच्या आकृत्यांची दोन गटांत वाटणी करायची होती. शब्दांत सांगता येईल असा नियम असलेल्या गटांत उत्तर उशिरा कळल्याने फारसा फरक पडला नाही; पण अनेक खुणा एकत्र तोलून, नियम सांगता न येता ओळखायच्या गटांत अवघ्या 2.5 सेकंदांच्या विलंबानेही शिकणे मंदावले. या दुसऱ्या प्रकारचे शिकणे मेंदूच्या आतील स्ट्रायेटम या भागावर अवलंबून असते आणि तिथे अपेक्षा चुकल्याचा किंवा जुळल्याचा संदेश डोपामिन हे रसायन पोचवते, असे संशोधक मानतात. संदेश यायला उशीर झाला तर तो नेमक्या कोणत्या पाहण्याशी जोडायचा हे निसटते.

बागेत नवख्याची हीच अडचण होते. आज केलेल्या अंदाजाचा निकाल झाडाची वाढ खुंटल्यावर, कित्येक आठवड्यांनी दिसतो, आणि तोवर आपण नेमके काय पाहिले होते हे आठवत नाही. जाणता माणूस सोबत असेल, तर त्याने आधी नवख्याकडून अंदाज वदवून घ्यावा आणि लगेच पानाकडे बोट दाखवून कारण सांगावे. 'तुला कळत नाही' एवढेच ऐकवले, तर पान कसे पाहायचे हे नवख्याला शेवटपर्यंत कळत नाही. क्लूगर आणि डेनिसी यांनी 1996 साली अशा प्रतिसादांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी प्रतिसाद मिळाल्यावर कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून माणसावर वळले की प्रतिसादाचा उपयोग कमी होतो, असे त्यांना आढळले.