बेळगावातली जुनी बटणं आणि दुसऱ्या फळीचे शिपाई: थोडी पार्श्वभूमी

बेळगावात कुणाच्या हाती जुनं पितळी बटण लागलं आणि त्यावर बिगुल दिसला की विषय तिथंच संपतो, "मराठा रेजिमेंटचं आहे" म्हणून. तसं म्हणणं साहजिक आहे, 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या कॅम्पात आहे, खानापूर-चंदगड पट्ट्यात घरटी कोणीतरी पलटणीत होता, आणि रेजिमेंटच्या चिन्हात बिगुल आहेच. पण बिगुल ही काही एका रेजिमेंटची मालकी नव्हती, लाइट इन्फंट्री आणि रायफल पलटणी सगळ्याच ते चिन्ह वापरायच्या आणि त्यांचं बघून स्वयंसेवक रायफल कोअरनी पण तेच उचललं. म्हणजे दिवसा रेल्वेत नाहीतर कचेरीत काम आणि सुट्टीला परेड, असली जी दुसऱ्या फळीची माणसं होती त्यांची बटणं पण आपण पलटणीच्या ढिगात टाकून मोकळे होतो. मला हे मनापासून खटकतं, कारण त्यांची आठवण ठेवणारं दुसरं काही फारसं उरलेलंच नाही.

सुरुवात 1857 नंतरची. उठावानं हादरलेल्या सरकारला वाटलं, गोऱ्या नागरिकांनाच बंदूक चालवायला शिकवून ठेवावं, म्हणून 1869 ला व्हॉलंटियर्स ॲक्ट आला. आपल्या भागात याचा संबंध येतो तो रेल्वेमुळं. 1882 ला सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली, मीटरगेज लाइन हुबळी-धारवाड, लोंढा, बेळगाव, घटप्रभा करत मिरजेकडं आणि तिकडं कॅसलरॉकवरून गोव्याच्या हद्दीला भिडली, आणि या कंपनीची स्वतःची व्हॉलंटियर रायफल कोअर उभी राहिली. त्यात कोण, तर युरोपियन आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. आपल्या माणसाला त्यात जागा नव्हती. हे लक्षात ठेवणं फार महत्त्वाचं आहे, कारण बटण कुठल्या घरातून आलं यावरून निम्मा तपास होतो, रेल्वे क्वार्टर्सच्या बाजूनं आलेलं बटण आणि गावातल्या वाड्यातून आलेलं बटण एकाच नजरेनं बघू नये. 1908 ला ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि मद्रास अँड सदर्न मराठा, म्हणजे आपल्या आजोबांची एमएसएम झाली. नावात मद्रास असेल तर बटण 1908 नंतरचं, नुसतं सदर्न मराठा असेल तर त्याच्या आधीच्या नमुन्याचं, एवढा सरळ हिशोब दुसऱ्या कुठल्या बटणात क्वचितच मिळतो.

पहिल्या महायुद्धात, 1917 ला, इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा आला, गोऱ्यांना सक्ती आणि हिंदी लोकांसाठी ऐच्छिक शाखा. मग 1920 ला त्याचे दोन तुकडे केले. गोरे आणि अँग्लो-इंडियन यांच्यासाठी ऑक्झिलरी फोर्स, हिंदी माणसांसाठी टेरिटोरियल फोर्स. रेल्वे रायफल्स ऑक्झिलरीत गेल्या आणि 1947 ला ते अख्खं दलच मोडलं. या ऑक्झिलरीवाल्यांना लोक हौशी शिपाई समजायचे, पण मार्च 1943 मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिशच्या लोकांनी, म्हणजे पोटं सुटलेल्या ऑफिसवाल्या साहेबांनी, मुरगाव बंदरात घुसून एहरेनफेल्स या जर्मन जहाजावर गुप्त हल्ला केला, आपल्या कॅसलरॉकच्या घाटाखाली एवढं मोठं प्रकरण घडलं आणि कितीतरी वर्षं त्याचा बभ्रा झाला नाही.

आता दुसऱ्या महायुद्धातल्या "होमगार्ड" बटणाबद्दल, इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. ब्रिटनमध्ये 14 मे 1940 ला युद्धमंत्री अँथनी ईडनने रेडिओवरून देशाच्या रक्षणासाठी स्वयंसेवक माणसं मागितली, आधी लोकल डिफेन्स व्हॉलंटियर्स आणि जुलैपासून होमगार्ड हे नाव, डिसेंबर 1944 ला त्यांना घरी बसवलं. त्यांचं वेगळं खास बटण शोधत बसू नका, बॅटलड्रेसची बटणं साधी आणि बरीचशी पट्टीखाली झाकलेली, ओव्हरकोटाला सिंह आणि युनिकॉर्नवालं सरसकट सगळ्या फौजेचं जनरल सर्व्हिस बटण. आपल्याकडं त्या काळात होमगार्ड नव्हतेच. इथं 1940 ला सिव्हिक गार्ड निघाले आणि मोठ्या शहरांत एआरपी, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाचं खातं. मुंबईला गिरणीत, गोदीत असलेली बेळगाव-निपाणीकडची माणसं वॉर्डनचं काम करून गावी परतली असतील तर त्यांच्या ट्रंकेतून एआरपीचा बिल्ला किंवा बटण निघू शकतं, आणि मग ते बटण बेळगावचं होत नाही, मुंबईचंच राहतं.

बटण हातात आलं की मी आधी मुकुट बघतो. कमानी मधोमध खाली दबलेल्या असतील तर तो व्हिक्टोरियाच्या काळचा, साधारण 1901 च्या आधीचा. कमानी घुमटासारख्या गोल असतील तर 1901 नंतरच्या राजांचा. 1952 नंतर ब्रिटनमध्ये दबलेल्या कमानी परत आल्या, पण इथं 26 जानेवारी 1950 पासून मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले, त्यामुळं इथल्या युनिटच्या बटणावर तो गोंधळ होत नाही. गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी दिसला तर धागा म्हैसूरकडं जातो.

मग बटण उलटं करायचं. खरी माहिती मागंच असते. फर्मिन, गाँट, हॉब्सन, स्मिथ अँड राइट ही कारखान्यांची नावं बारीक अक्षरात गोल फिरवलेली असतात, काहींवर गावाचं नाव पण, लंडन नाहीतर बर्मिंगहॅम. माझ्याकडच्या एका इंचभर बटणाचा दर्शनी भाग इतका गुळगुळीत झालाय की बिगुलाची नुसती दोरी उरलीय, पण मागची अक्षरं ठणठणीत, कारण ब्रासो आणि फडकं कायम पुढच्या बाजूलाच चाललं, मागं कधी कुणी घासलंच नाही. मोबाइलची टॉर्च आडवी धरून फोटो काढला की पुसट अक्षरंही सावलीनं उठून दिसतात. साइज लाइनमध्ये मोजतात, 40 लाइन म्हणजे एक इंच, छातीचं बटण साधारण तेवढं, खांद्याचं आणि खिशाचं लहान, टोपीचं त्याहून लहान. पूर्ण काळं बटण असेल तर खराब झालंय म्हणून टाकू नका, रायफलवाले काळीच बटणं लावायचे.

एवढी सुटी बटणं सापडतात कशी, तर खाकी ड्रिलचा कोट सारखा धोब्याकडं जायचा, म्हणून बटणं शिवत नसत, कापडाला भोक पाडून आतून बटणाच्या मागच्या आकड्यात तारेची दुपदरी रिंग अडकवायचे आणि धुवायच्या आधी काढून घ्यायचे. कोट गेला बोहारणीला, बटणं राहिली सुईदोऱ्याच्या डब्यात. नाहीतर मोडीत, वजनावर. रिंग शाबूत असलेलं बटण मिळालं तर रिंग अजिबात काढू नये. आणि चिंच-मीठ लावून घासणं तर कृपा करून बंद करा, वरचा सोन्याचा मुलामा एकदा गेला की गेला, ऑफिसरचं बटण आणि साध्या शिपायाचं बटण यातला फरकच संपतो.

होमगार्ड आपल्याकडं आले ते युद्ध संपल्यावर, 6 डिसेंबर 1946 ला मुंबईत, दंगलींच्या दिवसांत, मोरारजी देसाईंच्या पुढाकारानं, आणि 1947 ला त्यांचा मुंबईचा कायदा झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता. चीनच्या युद्धाच्या वर्षी, 1962 ला, या दलांना देशभर नवी उभारी मिळाली, पण तोवर 1 नोव्हेंबर 1956 ची राज्यपुनर्रचना होऊन गेलेली. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेलं आणि तिथं 1962 चा म्हैसूर होमगार्ड कायदा लागू झाला, तर बेळगाव जिल्ह्याचाच चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला आणि मुंबईच्या कायद्याखालीच राहिला. त्यामुळं एकाच सोयरिकीतल्या दोन गावांत 1965 किंवा 1971 च्या लढाईच्या वेळचे होमगार्ड वेगवेगळ्या सरकारांचे. ब्रीदवाक्य दोन्हीकडं "निष्काम सेवा", म्हणून नुसत्या बिल्ल्यावर जाऊ नका, राज्याचं नाव शोधा. 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, तेव्हा म्हैसूर लिहिलेलं होमगार्डचं काही सापडलं तर ते 1962 ते 1973 एवढ्या अकरा वर्षांच्या नमुन्याचं धरायला हरकत नाही.