प्रयोगशाळेने हेरलेली मुले आणि पंथाने हेरलेली मुले

अतींद्रिय शक्ती लाभलेली शाळकरी मुले आणि त्यांच्या मागावर असलेली एखादी संघटना, एवढे दोन घटक दिसले की आपल्याकडे त्या कथेला सरसकट 'पॅरानॉर्मल' म्हणून मोकळे होतात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या किशोरवयीनांच्या लेखन शिबिरांतून, कथास्पर्धांतून अशा कथा आता भरपूर येतात. त्या मी आवडीने वाचते आणि बहुतेक वेळा एकाच जागी वैतागते. मुलांच्या मागावर असतो तो एक कट्टर पंथ. अनुयायांच्या अंगावर काळ्या कफन्या असतात, हातांत मेणबत्त्या असतात, तोंडी अगम्य मंत्र असतात. आणि मुले हाती लागल्यावर ही मंडळी करतात काय, तर त्यांचे रक्त तपासतात, डोक्याला तारा लावतात, आलेख काढतात आणि या मुलांचा शस्त्र म्हणून वापर कसा करता येईल याची चर्चा करतात. कफनीच्या आत पांढरा कोट असतो. प्रयोगशाळेची कथा आणि पंथाची कथा हे दोन निराळे कथाप्रकार आहेत, दोन्हींची अंतर्गत यंत्रणा निराळी आहे, आणि एकाचा सांगाडा दुसऱ्याच्या कपड्यांत कोंबला की दोन्हींची वाट लागते.

प्रयोगशाळेची कथा वाचकांना पाठ आहे, त्यामुळे तिच्यावर शाई खर्च करत नाही. गुप्त सरकारी प्रकल्प, नावांऐवजी क्रमांक मिळालेली मुले, लांबच लांब पांढरे बोळ, मनातून मुलांच्या बाजूने असलेला एखादा शास्त्रज्ञ आणि शक्ती वापरली की नाकातून येणारे रक्त. यांपैकी नाकातल्या रक्तावर निदान दहा वर्षे बंदी घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वरवरचे फरकही झटपट उरकता येतील. प्रयोगशाळेच्या कथेत मूल दुसऱ्याचे विचार ओळखते की वस्तू हलवते याला महत्त्व असते, कारण तिथे मोजमाप होते. पंथाच्या कथेत शक्ती कोणतीही चालते. पहिलीचे नाते विज्ञानकथेशी जुळते, दुसरीचे गूढकथेशी. भुते दोन्हींत अनावश्यक आहेत, आणि ती घालायचीच असतील तर सरळ भयकथा लिहावी. प्रयोगशाळेकडे पैसा असतो आणि पंथाकडे माणसे असतात, हेही खरे. पण पैसेवाला पंथ आणि कंगाल प्रयोगशाळा दोन्ही रंगवता येतात, तेव्हा तो फरकही मुळातला नव्हे.

मुळातला फरक एका प्रश्नाने उघड होतो: ज्या दिवशी मुलाची शक्ती चालत नाही, त्या दिवशी शिकारी काय करतो?

प्रयोगशाळेचे उत्तर इतिहासातच मिळते. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जोसेफ ऱ्हाइन यांनी अतींद्रिय ज्ञानाच्या ज्या चाचण्या घेतल्या, त्यांत २५ पत्त्यांचा एक संच वापरला जाई. वर्तुळ, अधिकचे चिन्ह, नागमोडी रेघा, चौकोन आणि तारा अशी पाच चिन्हे, प्रत्येकाचे पाच पत्ते. डोळे मिटून काहीही सांगितले तरी सरासरी पाच उत्तरे बरोबर येणार. त्यापेक्षा सातत्याने जास्त आली तर काहीतरी आहे म्हणायचे, नाही आली तर नाही. इतर संशोधकांना ऱ्हाइन यांच्यासारखे निष्कर्ष मिळेनात आणि त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, ही पुढची गोष्ट; मुद्दा एवढाच की या चाचणीत नापास होण्याची सोय आहे. पुढे शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी गुप्तहेर यंत्रणांनी प्रत्यक्ष न जाता केवळ मनाने शत्रूची ठिकाणे पाहता येतात का, हे तपासणारा प्रकल्प वीसेक वर्षे चालवला. त्याचे शेवटचे नाव 'स्टारगेट'. १९९५ मध्ये बाहेरच्या परीक्षकांकडून आढावा घेण्यात आला, या माहितीचा हेरगिरीत प्रत्यक्ष उपयोग झालेला नाही असा निष्कर्ष निघाला आणि प्रकल्प बंद झाला. कोणी कोणाला जाळले नाही, कोणी शाप दिला नाही. फाइल मिटली. प्रयोगशाळेला शक्ती वापरायची असते, त्यामुळे वापर संपला की रस संपतो.

पंथाला शक्ती वापरायची नसते. त्याला तिच्यात आपल्या श्रद्धेचा पुरावा दिसतो. पुराव्याची भूक लागलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट पुरावाच वाटते. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी काही मुलींना झटके येऊ लागले, त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे घेतली आणि चेटकिणींचे खटले सुरू झाले. आरोपीचे भूतरूप रात्री येऊन आपल्याला छळते, एवढे मुलीने सांगितले तरी न्यायालय तो पुरावा मानत असे. त्या रूपाला पाहू शकणारी एकटी तीच, तेव्हा ते खोडून काढणार कोण? १९ जणांना फाशी झाली, एका वृद्धाला दगडांखाली चिरडून मारले आणि अवघ्या चार-पाच वर्षांच्या एका मुलीलाही चेटूक केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात ठेवले. सर्वांत भयंकर तपशील मात्र वेगळाच आहे: ज्यांनी 'होय, मी चेटकीण आहे' अशी कबुली दिली आणि ती मागे घेतली नाही, त्यांचा जीव वाचला, शेवटपर्यंत निर्दोष असल्याचे सांगणारे फासावर गेले. प्रयोगशाळेत नाकारणे म्हणजे सुटका. इथे नाकारणे हाच गुन्ह्याचा कळस.

श्रद्धा प्रेमळ असली तरी यंत्रणा तीच राहते. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स घराण्यातल्या दोन अल्पवयीन बहिणींनी ठकठक आवाजांतून मृतात्म्यांशी बोलता येते असे दाखवले आणि त्यातून परलोकवाद्यांची मोठी चळवळ उभी राहिली. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, मार्गारेट फॉक्सने न्यूयॉर्कच्या भर सभागृहात जाहीर केले की ते आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढलेले होते, आणि तसे करूनही दाखवले. पुढच्या वर्षी तिने हा कबुलीजबाब मागे घेतला. चळवळ मात्र तिच्या कबुलीनंतरही चालू राहिली. जिच्यामुळे पंथ जन्माला आला, तिने स्वतः 'हे खोटे आहे' म्हटले तरी पंथाला तिची गरज उरली नव्हती. माझ्या मते अतींद्रिय मुलाची खरी भयकथा हीच.

हेच आपल्याकडे आणून पाहू. ऐरोलीच्या एका सोसायटीत राहणारी, नववीत शिकणारी एक मुलगी आहे आणि समोरचा माणूस काय बोलणार हे तिला आधीच कळते. प्रयोगशाळेच्या कथेत ती टेबलाशी बसेल, पत्ते उलटले जातील, ती मुद्दाम चुकीची उत्तरे देईल, पंचविसांत चार बरोबर येतील आणि संध्याकाळच्या आत ती घरी असेल. पंथाच्या कथेत गुरुवारी तिच्या आत्याच्या दिवाणखान्यात सतरंजी घातलेली असेल, दाराबाहेर चपलांची रांग लागलेली असेल, आणि उदबत्तीच्या वासात कोणीतरी मायेने विचारील, "सांग बाळा, गुरुजींच्या मनात आत्ता काय आहे?" ती मुद्दाम चुकीचे उत्तर देईल. क्षणभर शांतता पसरेल. मग एक काकू हळूच म्हणतील, "लपवतेय ती. घाबरली असेल, लहान आहे." दुसरे कोणी म्हणेल की आज अमावास्या लागली आहे, आज नको विचारायला. आणि कोपऱ्यात बसलेले काका ते चुकीचे उत्तर तारीख घालून वहीत उतरवून घेतील, कारण त्याचा अर्थ पुढे कधीतरी लागणारच आहे. बरोबर उत्तर दिले असते तरी वहीत नोंद झालीच असती. या खोलीतून मुलीला नापास होऊन बाहेर पडता येत नाही. तिला देवी ठरवले काय किंवा अवदसा ठरवले काय, निर्णय तिच्या हातात राहिलेला नाही.

हे ध्यानात न घेतल्यामुळेच मराठी कथांत एक खास आपली चूक घडते: पंथाचा प्रमुख भोंदू निघतो. शेवटच्या प्रकरणात कळते की त्याचा कशावरच विश्वास नव्हता, त्याला खारघरला भूखंड हवा होता आणि मुलांचे चमत्कार दाखवून देणग्या गोळा करायच्या होत्या. भोंदूबुवांशी आपली इतकी जुनी ओळख आहे की लेखणी आपसूक तिकडे वळते, हे मला समजते. पण भोंदू माणूस शक्ती वापरायला निघालेला असतो, म्हणजे तो प्रयोगशाळेचाच भाऊबंद झाला. त्याच्याशी सौदा करता येतो, त्याला जास्त पैसे देता येतात, त्याचे पितळ उघडे पाडता येते. श्रद्धाळू प्रमुखाशी यांपैकी काहीही करता येत नाही, कारण उघडे पाडायला पितळच नसते. माझा आग्रह असा की प्रमुखाचा विश्वास खरा असावा, मुलांवर त्याची मायाही खरी असावी, आणि हवे असल्यास त्याच्या घरचे वीजबिल थकलेले असावे.

दुसरी चूक शेवटाची. मूल अखेर आपली शक्ती पूर्ण प्रकट करते, डोळे दिपतात आणि पंथप्रमुख हात जोडून शरण येतो. हा शेवट कोठून येतो ते उघड आहे. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडे, पैठणला वेद बोलणारा रेडा, चालणारी भिंत आणि वाघावर बसून आलेल्या चांगदेवांचे गर्वहरण या आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या आख्यायिकेतल्या पैठणकरांची आणि चांगदेवांची थोरवी नीट पाहावी: समोर आलेली गोष्ट पाहून त्यांनी आपले मत बदलले. जो मत बदलतो तो कट्टर नव्हे. कट्टर पंथापुढे चमत्कार करणे म्हणजे त्याला हवे तेच देणे होय. भिंत चालली तर मुलाला सोडून देण्याऐवजी ते त्या भिंतीभोवती कुंपण घालतील आणि मुलाला आत ठेवतील. त्यामुळे पंथाच्या कथेत शक्तीच्या जोरावर सुटका होऊच शकत नाही, आणि पाठलागाच्या दृश्यांवर पाने खर्च करणारे लेखक इथेच फसतात. सुटका व्हायची तर ती पंथातल्याच एखाद्या माणसाच्या मनात शंका शिरल्याने होते, आणि ती शंका शक्तीमुळे येत नाही. ताप आलेल्या मुलीला उपास घडवला जातो आहे, असल्या साध्या गोष्टीने येते.

स्थळाबद्दलही थोडे बोलायला हवे. प्रयोगशाळा कोठे तरी बाहेर असते. महापे किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत, पाटी नसलेल्या फाटकामागे तिला सहज बसवता येते, आणि फाटकाबाहेर पडून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली की मुलगी ठाण्याच्या गर्दीत मिसळून जाते. पंथ मात्र पत्त्यावर सापडत नाही. तो सोसायटीच्या सभागृहात, व्हॉट्सॲप गटात, क्लासला सोडायला येणाऱ्या काकांच्या गाडीत असतो. त्यासाठी येऊरच्या जंगलात गुप्त गुहा खोदण्याची गरज नाही. आणि ठाण्याच्या मनोरुग्णालयात या मुलांना डांबून ठेवणाऱ्या कथा तर कृपया थांबवाव्यात. १९०१ पासून तिथे आजारी माणसांवर उपचार होत आले आहेत. त्या रुग्णालयाला भयपटाचा सेट समजणे आळशीपणाचे आणि निष्ठुरपणाचेही आहे.

कथा आजच्या महाराष्ट्रात घडत असेल, तर पंथाच्या बाजूला एक अडचण आहे आणि ती लेखक सहसा विसरतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद असलेल्या या कायद्याच्या अनुसूचीत दोन्ही टोके आहेत: आपल्या अंगी अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून इतरांना भीती घालणे हाही गुन्हा, आणि अमुक व्यक्ती करणी करते, ती सैतानाचा अवतार आहे असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे हाही गुन्हा. म्हणजे मुलीला अवदसा ठरवून छळणाऱ्या पंथाविरुद्ध पोलीस ठाण्यात जाता येते. तिला देवी ठरवून रोज दूध-केळी देणाऱ्या, शाळा बंद करणाऱ्या आणि भेटायला येणाऱ्या मैत्रिणींना दारातूनच परत पाठवणाऱ्या पंथाची तक्रार कोण करणार, हा प्रश्न कथेत अधिक चांगला रंगतो. आईवडील सतरंज्या घालण्यात गुंतलेले असतील, तर तक्रारदार म्हणून वर्गशिक्षिका उभी करावी किंवा वेगळी राहणारी आजी. पोलीस निरीक्षकांपुढे बसून, मारहाण नाही, पैशांची मागणी नाही, मग नेमके काय घडले आहे, हे त्या बाईला शब्दांत सांगावे लागेल, आणि ते प्रकरण पाठलागाच्या दहा प्रकरणांपेक्षा लिहायला अवघड आहे.