पंधरा मीटरच्या बागेत दोन किलोमीटरची लाट

इंग्लंडमधल्या जोडघरांच्या मागे असते तशी पंधरा-एक मीटर लांबीची बाग घ्या. टोकाला एखादं झाड, मध्ये कपडे वाळत घालायची दोरी, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची कुंपणं. अशाच बागांमधून तिथले हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, १९९८पासून १३६ किलोहर्ट्झवर संदेश पाठवत आले आहेत. या वारंवारतेची एक लाट सुमारे २,२०५ मीटर लांब असते. पुस्तकातला पाव लाटेचा उभा अँटेना उभारायचा तर ५५० मीटरचा खांब लागेल. आयफेल टॉवर ३३० मीटरचा आहे.

पण इतका उंच अँटेना व्यावसायिक केंद्रांनाही सहसा परवडत नाही. स्वीडनमधल्या ग्रिमेटनच्या १७.२ किलोहर्ट्झच्या जुन्या केंद्राचे सहा मनोरे १२७ मीटरचे आहेत आणि तिथली पाव लाट होते चार किलोमीटरहून जास्त. बीबीसीच्या ड्रॉइटविच केंद्राच्या १९८ किलोहर्ट्झसाठी २१३ मीटरच्या दोन मनोऱ्यांमध्ये तारा ताणल्या गेल्या, त्यासुद्धा पाव लाटेपेक्षा बऱ्याच बुटक्या. पाणबुड्यांशी संपर्क ठेवणाऱ्या आपल्या नौदलाच्या तमिळनाडूतल्या आयएनएस कट्टबोम्मन केंद्राचीही हीच गत. तेव्हा आखूडपणा हा काही फक्त छोट्या बागेचा शाप नाही.

किंबहुना आखूडपणा हा मुळात दोषच नाही. तारेत आणि जमिनीत काहीच वाया जात नसेल, तर बुटका उभा अँटेनाही मिळालेली सगळी शक्ती बाहेर टाकतो; दिशेच्या बाबतीत तो पाव लाटेच्या अँटेनापेक्षा अर्धा डेसिबलसुद्धा मागे पडत नाही. खरी अडचण आहे ती ओहमच्या हिशेबात. अँटेनात शिरलेला प्रवाह दोन प्रकारच्या रोधांतून जातो. एका रोधात खर्च झालेली शक्ती लहरी होऊन बाहेर पडते. त्याला प्रारण रोध म्हणतात. दुसऱ्या रोधात, म्हणजे अँटेनाला जोडलेलं तारेचं वेटोळं (कॉइल), जमीन, झाडं यांत, खर्च झालेली शक्ती नुसती उष्णता होते. अँटेना आखूड झाला की पहिला रोध झपाट्याने घसरतो, दुसरा मात्र हटत नाही.

आकडे मांडून बघू. घराच्या मागे १० मीटर उंचीची उभी तार आणि तिच्या डोक्यावर बागेच्या लांबीभर ताणलेल्या दोन समांतर आडव्या तारा. १३६ किलोहर्ट्झवर हिचा प्रारण रोध भरतो जेमतेम ०.०२४ ओहम. उष्णतेत जाणारा रोध धरा ६० ओहम; छोट्या बागेत एवढा सहज असतो. म्हणजे १०० वॉट ओतले तर बाहेर पडतात सुमारे ४० मिलिवॉट. उरलेल्या ९९.९६ वॉटनी कॉइल आणि माती गरम होते.

हे वाचून कुणी हात टेकेल. पण हाच हिशेब कुठे मेहनत करायची तेही दाखवतो. प्रारण रोध उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे तार १० मीटरवरून १२ मीटरवर नेली तर ४४ टक्के जास्त शक्ती बाहेर पडते, तीही ट्रान्समीटरला हात न लावता. डोक्यावरच्या आडव्या तारा स्वतः फारसं प्रक्षेपण करत नाहीत, पण धारकता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, वाढवतात. नुसत्या उभ्या तारेत प्रवाह टोकाकडे जाता जाता शून्यावर येतो; डोक्यावर अशी टोपी असली की तो वरपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो. एवढ्याने प्रारण रोध साधारण तिप्पट होतो. माझं स्पष्ट मत असं की पहिला पैसा आणि पहिला रविवार उंचीवर घालावा, दुसरा या टोपीवर, आणि महागड्या ट्रान्समीटरचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

आता कॉइलकडे येऊ, कारण या अँटेनातला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात धोकादायक भाग तोच. आपल्या तारांची एकूण धारकता होते सुमारे २०० पिकोफॅरड. तिला १३६ किलोहर्ट्झवर अनुनादात आणायचं, म्हणजे अँटेनाचा सूर नेमका या वारंवारतेशी जुळवायचा, तर जवळपास ७ मिलिहेन्रीची कॉइल लागते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या बादलीवर किंवा पाइपवर तेवढ्याच उंचीत १८५-एक वेढे घेतले की ती होते. तार लागते पावणेदोनशे मीटर. तीत दुसरी छोटी कॉइल फिरती बसवतात, कारण जुळणी अतिशय नाजूक असते. वाऱ्याने तारा हलल्या, पावसाने इन्सुलेटर ओले झाले आणि धारकता २ पिकोफॅरडने बदलली, तरी अनुनाद ७०० हर्ट्झ सरकतो. आणि आख्खा पट्टाच आहे २,१०० हर्ट्झचा, १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ.

शंभर वॉटला तारेत सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. ऐकायला किरकोळ, पण त्याने कॉइलच्या वरच्या टोकाला साडेसात हजार व्होल्ट उभे राहतात. २००७च्या जागतिक रेडिओ परिषदेने या पट्ट्यात हॅमना १ वॉटची मर्यादा घालून दिली. ती ट्रान्समीटरची नाही, प्रत्यक्ष प्रक्षेपित होणाऱ्या शक्तीची आहे, आणि तीही सगळीकडे सारखं पसरणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या मापाने. जमिनीवरचा उभा अँटेना शक्ती आकाशाच्या एका भागात गोळा करतो, म्हणून आपले ४० मिलिवॉट या मापात ०.१२ वॉट होतात. पूर्ण १ वॉट गाठायला आपल्या बागेतून ८००-९०० वॉट ढकलावे लागतील आणि कॉइलवर २० हजार व्होल्टच्या वर दाब चढेल. त्यावर तारेच्या टोकाशी निळसर ठिणग्या फुटतात, तार बांधलेल्या ओल्या दोरीतून प्रवाह गळून दोरी तापते. ती तार कुणाच्याही हाताला लागता कामा नये. जिथे मुलं खेळतात त्या बागेत कॉइलभोवती बंद, कुलपाची पेटी असलीच पाहिजे. यात तडजोड नाही.

राहता राहिली जमीन. तिच्यात वाया जाणारी शक्ती कमी करायला पायाशी तारा पुरतात. ब्राउन, लुईस आणि एप्स्टाइन या अमेरिकन अभियंत्यांनी १९३७ साली प्रक्षेपण केंद्रांसाठी अँटेनाच्या पायाशी चहूकडे पुरलेल्या ११३ तारांपर्यंत मोजमापं घेतली. छोट्या बागेत तेवढ्या लांब तारा मावत नाहीत. तिथे हिरवळीत चिरा पाडून जमतील तेवढ्या आखूड तारा आणि जागोजागी ठोकलेले अर्थिंगचे रॉड यांवरच भागवावं लागतं. ब्रिटनमध्ये यात एक फास आहे. तिथल्या बऱ्याच घरांचं अर्थिंग वीज कंपनीच्या न्यूट्रलला जोडलेलं असतं. रस्त्यातला न्यूट्रल तुटला तर बागेतल्या रॉडमधून घातक प्रवाह वाहू शकतो. म्हणून घराचं अर्थिंग आणि रेडिओचं अर्थिंग यांचा संबंध जाणकार इलेक्ट्रिशियनला विचारूनच ठरवावा.

तीच बाग वरच्या पट्ट्यात किती वेगळी वागते, तेही बघण्यासारखं आहे. ३.६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ८० मीटरच्या पट्ट्यात, १० मीटर वर आणि मग ११ मीटर आडवी अशी पाव लाटेची तार सहज बसते. तिचा प्रारण रोध सुमारे १९ ओहम. जमिनीत २५ ओहम गेले तरी ४० टक्क्यांहून जास्त शक्ती बाहेर. पुण्या-नाशिकच्या रो-हाउसमध्ये राहणाऱ्या हॅमने सुरुवात इथूनच करावी. जागा त्याहूनही कमी म्हणून एक मीटर व्यासाचं तांब्याच्या नळीचं कडं वापरलं, तर ८० मीटरवर दोन टक्केही बाहेर पडत नाहीत. व्हीलर आणि चू या अभियंत्यांनी अनुक्रमे १९४७ आणि १९४८ साली हे गणिताने बांधून ठेवलं आहे: लहान आकार, रुंद पट्टा आणि चांगली कार्यक्षमता ही तिन्ही एकत्र मिळत नाहीत. तशी मिळतात असं सांगून कुणी अँटेना विकत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

मग मिलिवॉटमध्ये मोजायच्या शक्तीवर संपर्क होतो कसा? वेग सोडून. मोर्सचा एक ठिपका तीन सेकंद, दहा सेकंद, कधी त्याहूनही लांबवायचा आणि तो कानाने ऐकण्याऐवजी संगणकाच्या पडद्यावर रेघ म्हणून पाहायचा. संदेश जितका सावकाश, तितका तो अरुंद पट्ट्यात बसतो आणि तितकाच कमी गोंगाट सोबत येतो. १९९३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी जोसेफ टेलर हे स्वतः हॅम. त्यांनी २००८ साली तयार केलेली डब्ल्यूएसपीआर ही पद्धत अवघ्या ६ हर्ट्झमध्ये, दोन मिनिटांत, फक्त हाकचिन्ह (हॅमचं अधिकृत ओळखनाव), ठिकाण आणि शक्ती एवढंच पाठवते. नेहमीच्या २,५०० हर्ट्झच्या पट्ट्यात मोजलेल्या गोंगाटाच्या सहाशेव्या हिश्शाएवढा संकेतही ती उलगडते.

ऐकायला मात्र यातलं काहीच लागत नाही. इतक्या खाली आकाशातल्या विजांचाच गोंगाट एवढा असतो की अँटेना अकार्यक्षम असला तर संकेत आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी होतात आणि त्यांचं प्रमाण तेच राहतं. एक मीटर बाजूची तारेची चौकट पुरते. तिचा खरा फायदा वेगळाच: ती एका रेषेतला आवाज जवळजवळ पूर्ण गाळते. आजच्या वस्तीत मोठा उपद्रव असतो मोबाइलच्या चार्जरचा, एलईडी दिव्यांचा आणि सौर इन्व्हर्टरचा. चौकट घरापासून लांब, कुंपणापाशी ठेवायची, सगळ्यात मोठा कर्कश आवाज बुडेपर्यंत ती हळूहळू फिरवायची आणि मगच त्या जागी खुंटी ठोकायची.