पाश्चरच्या चंबूने नेमकं काय सिद्ध केलं?

‘निर्जीवापासून जीव होऊच शकत नाही, हे लुई पाश्चरने सिद्ध केलंय’ असं बिनदिक्कत ठोकून दिलं जातं. १८६०च्या सुमारास पाश्चरने दाखवलं ते एवढंच: हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत उकळलेलं यीस्ट-साखरेचं पाणी नासत नाही, मान मोडून धूळ आत गेली की नासतं. म्हणजे आजचे जंतू जंतूंपासूनच येतात. (मांसातल्या अळ्या आपोआप नव्हे, तर माश्यांच्या अंड्यांतून येतात, हे इटालियन शास्त्रज्ञ रेडीने १६६८मध्येच दाखवलं होतं.) पहिला जीव उद्भवला त्या, ३५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या, जवळपास ऑक्सिजन नसलेल्या पृथ्वीवरच्या रसायनांबद्दल तो चंबू काय सांगणार?

‘प्रयोगशाळेत निर्जीवापासून जीव बनवून दाखवलाय’ हा उलट टोकाचा दावाही खोटाच. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत ठिणग्या पाडून मिळवली ती अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते रेणू), जीव नव्हे. तिथून जिवंत पेशीपर्यंतची वाट प्रयोगशाळेत अजून कोणी पार केलेली नाही.